फ्रिजमधली चिमटेवाली

सिस्टरला किड्यांची किळस होती आणि ती तिने कधी लपवली नव्हती. इस्पितळातल्या ड्रेसिंगच्या खोलीत तिची उभी हयात गेली. नवे डॉक्टर जखम बघून खिडकीकडे तोंड फिरवत, तेव्हा ही चिमट्याने पट्टी सोडवता सोडवता संध्याकाळच्या भाजीचा विचार करी. पण सहा पायांचं काही सरपटताना दिसलं, की बाई ताडकन मागे सरे. पू निदान एका जागी थांबतो, असं तिचं म्हणणं.

नवरा जहाजावर, त्यामुळे घरात ती आणि तिचा धाकटा दीर, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारा. त्याची बायको, म्हणजे सिस्टरची जाऊ, याच हिवाळ्यात गेली. परसातले किडे शोधायचे, त्यांचे फोटो काढायचे आणि नावं हुडकायची, हे वेड मुळात त्या जावेचं. ती गेली आणि भाऊजींच्या तोंडाला कुलूप लागलं. ताट पुढे केलं तर जेवत, नाही तर तसेच बसून राहत. दुकानातून बोलावणं आलं, तरी गेले नाहीत. पट्टी कुठे बांधायची हेच कळत नाही असला रोगी सिस्टरला कधी मिळाला नव्हता, आणि तिला मनातून भीती वाटायला लागली होती.

थंडी ओसरली, पहिलं कोवळं ऊन परसात उतरलं आणि भाऊजी उठले. जावेचा कॅमेरा काढून गुलाबाच्या वाफ्यापाशी पालथे पडले. त्या दिवशी जेवताना आपण होऊन बोलले. कोंबांवर हिरवा मावा आलाय, त्यातल्या एकीला पिल्लू होताना मी पाहिलं, आधी मागचे पाय बाहेर येतात, वगैरे. सिस्टरचा घास हातातच राहिला. पण माणूस बोलत होता. तिने डोळे मिटून घास गिळला.

मग रोजचंच झालं. नखाएवढी माशी फोनभर पसरून समोर यायची, मांडीवरच्या केसांसकट. फोनवर या हौशी मंडळींचा गट होता. तिथे त्या केसांवरून माशीची जात ठरायची आणि भांडणंही व्हायची. भाऊजी ती भांडणं चवीने सांगत आणि सिस्टर आमटीत नजर रोवून हं हं करी. शिसारी येई, पण दुकानात ते परत जायला लागले होते. तेवढ्यासाठी तिने बरंच काही गिळलं असतं.

फ्रिज मात्र तिचा होता. एका दुपारी ड्युटीवरून भुकेने कासावीस होऊन ती आली, चहाचं आधण उकळत ठेवून लोण्यासाठी फ्रिज उघडला, तर लोण्याला टेकून एक पारदर्शक डबी. आत तपकिरी, तेलकट चकचकीत किडा, शेपटाला चिमटा. एक पाय हळूच हलला. सिस्टरने डबी हात लांब करून धरली, मोरीत उपडी केली आणि चहाचं उकळतं आधण वर ओतलं. मग डबी स्पिरिटने धुतली, फ्रिज पुसला, लोणी टाकून दिलं.

भाऊजी आले तेव्हा तिने दारातच त्यांना फैलावर घेतलं. गारठ्याने किडा सुस्तावतो आणि फोटोसाठी स्थिर बसतो, एवढं त्यांनी सांगितलं. जाऊही असंच करायची, याच फ्रिजमध्ये, वहिनींना दिसू नये म्हणून कोबीच्या मागे. सिस्टरला आजवर खाल्लेला सगळा कोबी एकदम आठवला.

"लगेच परत सोडणार होतो तिला," भाऊजी म्हणाले. "फुटक्या कुंडीखाली तिची अंडी आहेत. एकेक तोंडात धरून चाटून पुसते ती. नाही पुसलं तर बुरशी धरते."

ते खोलीत गेले आणि दार लागलं. रात्रीचं ताट तसंच परत आलं, सकाळचंही. दुकानात जाणं बंद. कॅमेरा जेवणाच्या टेबलावर पडून राहिला. सिस्टरच्या अंगाचा तिळपापड झाला. एका किड्यापायी? पण हे सारं आपणच मोरीत ओतलंय, हे तिला पक्कं कळत होतं.

तिसऱ्या दिवशी तिने मास्क लावला, हातमोजे चढवले आणि कुंडी उचलली. साबुदाण्यासारखा ओलसर, पिवळट पुंजका. काहींवर पांढरी लव चढलेली. तिला उमासा आला. तो ओसरू दिला आणि तिने नीट पाहिलं. बुरशी म्हणजे बुरशी. हे काम तिला येत होतं.

उकळून गार केलेलं पाणी. भाऊजींचा भिंगं झाडायचा मऊ ब्रश. नासलेलं अंडं चिमट्याने बाजूला, उरलेलं प्रत्येक ब्रशावर फिरवून पुसायचं, परत जागेवर ठेवायचं. ड्युटीला जाण्याआधी एकदा, आल्यावर एकदा. ओकाऱ्या काढत, किड्यांच्या सात पिढ्यांना शिव्या घालत, पण एकही वेळ न चुकवता. अंडी रोज कमी होत गेली. तिने इस्पितळात कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतंच काय त्यात.

आणि मग एका सकाळी अंडी हलली. पांढुरकी, पारदर्शक पिल्लं बाहेर आली, काळ्या ठिपक्यांसारखे डोळे आणि शेपटाला इवलेसे चिमटे. मोजकीच होती. तिने बोट मागे घेण्याआधी एक त्यावर चढलं, मग दुसरं. हातमोज्याच्या उबेला बोटाखाली शिरून ती एकमेकांना चिकटून बसली. सिस्टरच्या मानेपर्यंत काटा सरकला. हात झटकायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"हलू नका, वहिनी."

भाऊजी मागे उभे होते. दाढी वाढलेली, पाय अनवाणी, हातात कॅमेरा. ते तिच्याशेजारी चिखलात पालथे पडले आणि बोलायला लागले. कात किती वेळा टाकतील, काय खातील, बोटाखालीच का शिरली.

"त्यांना तुम्ही आई वाटताय," ते म्हणाले.

सिस्टरच्या तोंडाला कडू पाणी सुटलं होतं. हात मात्र दगडासारखा स्थिर होता.

"वाटू द्या," ती मास्कच्या आतून म्हणाली. "सावकाश काढा फोटो."