गरुडाचं नाणं

बाबांकडे रोमन काळातली ब्राँझची नाणी होती. देव न मानणारा माणूस, पण नाण्यांवरच्या देवांबद्दल तासन्‌तास बोलायचा. त्यांतलं एक त्यांनी हॉस्पिटलमध्ये जाण्याआधी मला देऊ केलं होतं. एका बाजूला म्हातारा सम्राट, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. सम्राट मेल्यावर पाडलेलं नाणं. गरुड त्याचा आत्मा वर नेतो. "सिनेटने ठराव पास केला की माणूस देव," बाबा हसायचे. "आपल्या मंडळाच्या कमिटीसारखंच."

बाबांच्या तेराव्याला मी ते नाणं घ्यायला त्यांच्या खोलीत गेले. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या त्या घरात खालून मंत्र ऐकू येत होते. बाबांना यातलं काहीच नको होतं. माझ्या धाकट्या भावाने, देवांगने, सगळं ठरवलं होतं. कपाटात नाण्याचं कागदी पाकीट सापडलं, रिकामं. वर बाबांच्या अक्षरात: 'साफ करू नये.'

खाली सुवर्णाकाकू चौरंगाशी बसल्या होत्या. मी पाकीट पुढे केलं.

"काकू, यातलं नाणं कुठेय?"

"कलशात घातलं. तांब्याचं लागतं ना! इथल्या पेनीत कुठलं आलंय तांबं? आणि बघ तरी, नेमका गरुड निघाला, विष्णूचं वाहन. केवढं हिरवं पडलं होतं! आधी चिंच-मीठ लावलं, मग पितांबरीने घासलं."

"पाकिटावर लिहिलं होतं, काकू."

"भाऊजींना साफसफाई कधी आवडली का गं?"

देवांग हळूच म्हणाला, "ताई, सीन नको यार. ऑनलाइन दुसरं मिळेल. आजच ऑर्डर करतो."

मी नारळ बाजूला केला आणि कलशात हात घातला.

"ताई, विसर्जनाआधी नको," गुरुजी म्हणाले. तोवर नाणं तळहातावर होतं.

त्या हिरव्या थरातच गरुडाची पिसं उरली होती. बाबा भिंगातून दाखवायचे. आता तिथे गुळगुळीत गुलाबी धातू होता. सम्राटाचं नाक मात्र शाबूत होतं.

"कसं लखलखतंय!" काकू म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या, तेच सोसवेना.

मी नाणं परत पाण्यात सोडलं, नारळ ठेवला. गुरुजींनी मंत्र पुढे सुरू केले. रिकामं पाकीट मी पर्समध्ये ठेवलं.

"दुसरं बघू ना मग?" देवांगने फोन काढत विचारलं.

"नको," मी म्हणाले. "पानं घ्यायला लागू या."