काचेतले कागदी पाय

शेवटचा कागद दर्शनी काचेला चिकटवून ताई रस्त्यावर गेली आणि लांबून कौतुकाने पाहून आली. हसरा पाय दाराजवळ, मिशीवाला त्याच्या शेजारी. झकास दिसत होते. उद्या वडिलांच्या जोड्यांच्या दुकानाला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. फुगे काय, कुणीही लावतं. ताईने माळ्यावरून लहानपणीचा खजिना काढला होता, माणसांच्या पावलांच्या आकारात कापलेले जुने कागद. वडील ते तिला खेळायला देत आणि ती त्यांच्यावर खडूने डोळे, मिशा, पुढे आलेले दात काढी. बाकीच्या मुलींकडे बाहुल्या होत्या, तिच्याकडे कागदी पायांचा भलामोठा गोतावळा. ते येतात कुठून, हे विचारायचं मात्र तिला कधी सुचलं नव्हतं.

वडील आत खुर्चीत बसले होते. दुकान आता ताई चालवी, पण येणारा-जाणारा आधी त्यांची विचारपूस करी. त्यांच्या सरळपणाचे दाखले लोक देत आणि ताईची मान ताठ होई.

दुपारी एक म्हातारी नातीचा हात धरून आली. दुकान गोऱ्यांचं, ती नदीपलीकडच्या काळ्या लोकांपैकी होती. आजी सुईण होती, जन्मभर उभं राहून पायांची वाट लागलीय, मऊसा जोडा दाखवा, असं नातीने सांगितलं. ताईने जोडा काढला, बसायला स्टूल दिलं. सुईणीने जोडा हातात घेतला, पण पाय काही पुढे केला नाही. तिने आधी खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं. वडिलांनी तोंड फिरवलं.

"अगं आजी, घाल की. हातातल्या हातात कसा कळेल चावतो का ते?" नात म्हणाली.

सुईण कसनुशी हसली. "इथं घालून बघायची सवय नाही गं. ते काचेतले पाय बघितलेस ना? ते आमचे आहेत."

मग तिने शांतपणे सांगितलं. हे दुकान काळ्यांना जोडे विकायचं, पण पाय घालू द्यायचं नाही. घरी कागदावर पाऊल ठेवायचं, कडेने पेन्सिल फिरवायची, कापून आणायचं. मागच्या दाराशी उभं राहून कागद आत द्यायचा. मिळेल तो जोडा घ्यायचा. चावला तरी परत घेत नसत, कारण काळ्याचा पाय लागलेला जोडा दुसरं कोण घेणार? तिच्या आवाजात राग नव्हता आणि ताईला तेच जास्त लागलं.

"आणि ही तोंडं कुणी काढली?" नातीने विचारलं.

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी," ती म्हणाली. "मला वाटायचं, बाबा माझ्यासाठीच कापतात."

ती वडिलांकडे वळली. "बाबा, खरं आहे हे?"

"रिकाम्या हाताने मी कुणाला परत पाठवलं नाही. आणि तेव्हा सगळेच तसं करायचे."

"सगळ्यांचं नाही विचारत मी."

वडील काठीची मूठ चोळत राहिले. तेवढ्यावरून ताईला सगळं कळलं.

ताई सुईणीच्या पायाशी बसली. गिऱ्हाइकाच्या पायाशी बसणं हे तिचं रोजचंच काम, त्यात मोठेपणा काही नव्हता. आज फक्त मान वर होईना. पायाची बोटं एकमेकांवर चढलेली होती. कागदावरून मिळालेला जोडा त्या पायाला कधीच पुरला नसणार. ताई उठून मोठा जोडा घेऊन आली. तो घालून सुईण काचेपर्यंत चालत गेली, परत आली आणि नवल वाटून म्हणाली, "हा चावत नाही की."

"ते कागद मी आत्ता काढून टाकते, मावशी."

"काढून काय होणार? तुमची काच तेवढी स्वच्छ होईल. कुणाचे आहेत ते लिहा खाली."

त्या दोघी गेल्यावर ताई पुठ्ठा घेऊन बसली.

"मी गेल्यावर लिही," वडील मागून म्हणाले.

आजवर त्यांनी लेकीकडे काही मागितलं नव्हतं. ताईचे डोळे भरून आले. त्यांच्यावरची माया एका दुपारीत थोडीच आटणार होती?

"तुमच्या माघारी लिहिलं तर ती चुगली होईल, बाबा," ती म्हणाली आणि तिने लिहिलं: हे पाय नदीपलीकडच्या माणसांचे आहेत. ती काळी होती म्हणून या दुकानाने त्यांना जोडा घालून बघू दिला नाही. नाही म्हणणारे माझे वडील. तोंडं काढणारी मी.

तिने पुठ्ठा काचेत लावला.

घरी निघताना वडील रोज पुढच्या दारात रेंगाळत, रस्त्यावरच्या ओळखीच्यांशी दोन शब्द बोलत. त्या संध्याकाळी काचेसमोर काही माणसं वाचत उभी होती. वडिलांनी काठी उचलली, दाराकडे पाहिलं आणि जागीच थांबले.

"मागचं दार उघडतं का अजून?" त्यांनी विचारलं.

त्या दारासमोर खोक्यांची थप्पी लागली होती. ताईने एकेक खोकं बाजूला केलं आणि गंजलेली कडी ओढून काढली. मग वाकून वडिलांच्या जोड्याची सुटलेली नाडी बांधली आणि हाताला धरून त्यांना मागच्या पायरीवरून खाली उतरवलं.