पुढच्या सीटवरची मधली जागा

मित्रांनो, मी एका जुन्या अमेरिकन मोटारीची पुढची सीट आहे. मोटार आता नाही. तिचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही, आणि हल्ली जाणून घ्यावेसेही वाटत नाही. एका निवृत्त टर्नरच्या गॅरेजमध्ये, त्यांच्या लोखंड कातायच्या लेथसमोर, मला चार लाकडी ठोकळ्यांवर बसवलेले आहे.

माझी रचना साधी होती. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर स्प्रिंगांच्या ओळी, मग गोणपाट, काथ्या, कापूस आणि सर्वांत वर आकाशी-पांढरे रेक्झिन. आजच्या गाड्यांत असतात तशा दोन सुट्या खुर्च्या माझ्या काळी नव्हत्या. मी एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत सलग बाकासारखी होते. गिअरचा दांडा स्टीअरिंगखालीच असल्यामुळे मध्ये कसलाही अडथळा नव्हता.

टर्नर हे मोटारीचे चौथे मालक. त्यांच्या हाती आली तेव्हा मोटारीला धावण्यापेक्षा थांबण्याचीच सवय अधिक होती. त्यांनी इंजिन दोनदा उतरवले, गळणाऱ्या जागा एकेक करून बंद केल्या आणि तिला चालती केली. पहिल्याच लांबच्या प्रवासात एका वळणावर पत्नीच्या बाजूचे दार आपोआप उघडले. त्या घाबरून मधल्या जागेवर सरकल्या. आठवडाभरात टर्नरांनी लेथवर नवी पिन कातून कडी पक्की केली आणि दार दुरुस्त झाल्याचे घरात सांगितले. "बरं झालं," असे त्या म्हणाल्या आणि पुन्हा मधल्या जागेवरच बसल्या. त्यानंतर बावीस वर्षे त्या तिथेच बसत आल्या. तेवढ्या भागातल्या माझ्या स्प्रिंगा हळूहळू दबल्या आणि तिथे एक खोलगट जागा तयार झाली.

त्या गेल्यानंतर मोटार चार महिने उभी होती. मग टर्नरांनी ती विकली. पुढची सीट मिळणार नाही, एवढी एकच अट त्यांनी घातली. घेणारा लाकडी खोके मांडून त्यावर बसला आणि मोटार घेऊन गेला. टर्नर फाटकापर्यंतही आले नाहीत.

दर रविवारी सकाळी त्यांचे दोन मित्र येत, एक दातांचे डॉक्टर आणि दुसरे नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन. दोघांनीही एके काळी अमेरिकन मोटारी बाळगल्या होत्या. डॉक्टरांच्या मोटारीला एकही पेट्रोल पंप ओलांडवत नसे, असे ड्राफ्ट्समन म्हणत. तुझी एवढी लांब होती की तू घरी पोचलास तरी तिची डिकी ऑफिसातच असे, असे डॉक्टर ऐकवत. विनोद तेच, हसणेही तेच. माझ्या एका टोकाला टर्नर, दुसऱ्या टोकाला डॉक्टर आणि समोर स्टुलावर ड्राफ्ट्समन बसत. मधली जागा रिकामी असे. टर्नर तिच्यावर तळहात ठेवून ऐकत. मित्रांना ती त्यांची सवय वाटे.

मागच्या वर्षी टर्नरांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि ते तीन आठवडे मुलीकडे राहिले. गॅरेजची किल्ली डॉक्टरांकडे होती. दोघा मित्रांनी ठरवले की टर्नर परत येण्यापूर्वी मी कारखान्यातून निघाले होते तशी मला करायची. जुन्या मोटारींचा नाद असलेल्या माणसांना 'मूळचे' या शब्दापुढे काही दिसत नाही. ड्राफ्ट्समन शिस्तीचे होते. एकही स्क्रू सैल करण्याआधी त्यांनी माझी सगळी मापे घेऊन नकाशा काढला आणि त्यावर लाल पेन्सिलीने लिहिले, 'दोष: बैठक खोलगट. खोली दीड इंच.' मग कुशनवाल्याने नव्या स्प्रिंगा आणि नवा काथ्या घातला. जुने सर्व तीन पोत्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत गेले. मला दुःख झाले असे म्हटले तर ते खरे होणार नाही. मी फक्त सपाट झाले.

टर्नर परतले, बसले आणि त्यांनी सवयीप्रमाणे हात ठेवला. हात खाली उतरला नाही, वरच राहिला.

"छान झालंय," ते म्हणाले. "रंग अगदी मूळचा मिळाला." थोड्या वेळाने त्यांनी जुन्या स्प्रिंगा कुठे आहेत ते विचारले.

"फेकल्या. गंजून पार कामातून गेल्या होत्या," डॉक्टर अभिमानाने म्हणाले. टर्नरांनी मान हलवली आणि चहा गाळला.

पुढच्या रविवारपासून ते एका रिकाम्या पिंपावर बसू लागले. सीट गुडघ्यांना उंच पडते, असे कारण त्यांनी दिले. चौथ्या रविवारी मात्र डॉक्टरांना राहवले नाही. "आम्ही इतके दिवस खपलो आणि तू आपला पिंपावर. राजेशाही सोडून ही कसली फकिरी रे?"

ड्राफ्ट्समननी उंची तपासण्यासाठी नकाशा आणला. उंची बरोबर होती. मग त्यांचे बोट लाल अक्षरांपाशी थांबले.

"ही जागा मधोमध नव्हती," ते हळू म्हणाले. "मध्यापासून चार इंच तुझ्या बाजूला होती."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "आधी विचारायला हवं होतं रे तुला," ते म्हणाले.

टर्नरांनी नकाशा घेतला आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्याजवळ धरला.

"चार नाही," ते म्हणाले, "पाच." त्यांनी ड्राफ्ट्समनच्या खिशातली पेन्सिल काढून आकडा दुरुस्त केला. 'दोष' हा शब्द ड्राफ्ट्समननी स्वतः खोडला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. त्यांना तेल द्या, पुसा, झाकून ठेवा. पण त्यांच्यातले काही सरळ करण्यापूर्वी, ते वाकडे कशाने झाले, हे त्यांच्या माणसाला एकदा विचारा.

माझ्या नव्या स्प्रिंगा उत्तम आहेत. कोणीही बसून उठले, की त्या लगेच पूर्ववत होतात.