नव्या खोळीवरचा डाग

मी एक जुनी गादी आहे, शिंप्याच्या स्टुलावरची. मित्रांनो, माझ्या पोटात चिंध्याच चिंध्या आहेत. कितीतरी नवरदेवांच्या कोटांचे तुकडे मी गिळून बसले आहे.

मला मोठ्या मालकांनी स्वतः शिवले. ओठांत सिगारेट धरून ते मशीन चालवत आणि म्हणत, "अशी बैठक राजालाही मिळायची नाही!" मी फुगून जाई.

पुढे ते एका बाजूला कलंडून बसू लागले. माझ्या खोळीवर रक्ताचे डाग पडू लागले. ते गुपचूप धूत आणि कोणी विचारलेच तर "मूळव्याध" म्हणत. डॉक्टरांना ती जागा दाखवायची म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखे होई. शेवटी ते खरेच गेले. गुदद्वाराचा कर्करोग होता, हे फार उशिरा कळले.

मग त्यांचा मुलगा माझ्यावर बसू लागला. सिगारेटही तशीच. एके दिवशी पूर्वीच्याच जागी डाग उमटला. त्याने खोळ बदलली. डाग पुन्हा आला. दुपारी दुकान बंद करून सगळे जेवायला गेले, की माझ्यावर कोणाचे तरी वजन पडे. स्टूल मात्र रिकामेच असे.

त्याची मोठी बहीण नर्स होती. ती ब्लाउज शिवायला टाकायला आली, तेव्हा त्याने मला तिच्यापुढे धरले.

"ताई, बाबा गेलेच नाहीत गं. त्यांचा डाग वर येतोय."

तिने खोळ उलटी केली. "ही कधी शिवलीस?"

"कालच."

"आतून कोरडी आहे बघ. डाग वरून पडलाय. बाबांचा नाही रे, तुझा आहे."

तो पांढराफटक पडला. "मूळव्याध असेल."

"बाबाही हेच म्हणायचे. ऊठ, चल."

तपासणीत बिघडू लागलेल्या पेशी सापडल्या. कर्करोग अजून झालेला नव्हता. डॉक्टरांनी त्या काढून टाकल्या. ताईने त्याची सिगारेट सोडवली. हा रोग बहुतेकदा एका विषाणूमुळे होतो आणि त्याची लस असते, म्हणून त्याच्या लेकरांना, भाचा-भाची दोघांनाही, तिने ती टोचून आणली. भाचीने हूं की चूं केले नाही. भाच्याने दवाखाना डोक्यावर घेतला.

आता माझी खोळ स्वच्छ असते. तरी दुपारी दुकान बंद झाले, की माझ्यावर कोणीतरी हळूच बसते, एका बाजूला कलंडून. मला भीती वाटत नाही, फार वाईट वाटते.

मित्रांनो, रक्त दिसले तर लाजू नका, सांगा. घरातले मोठे लपवत असतील तर त्यांना विचारा. ज्यांनी सांगितले नाही, त्यांना अजून नीट बसता येत नाही.