ताणगटाच्या चोरट्या उड्या

सासूबाईंना अभ्यासात घेतलं नाही, तिथून सगळं सुरू झालं.

अभ्यास सुनेचा. सून हाडांची संशोधक. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं विरळ का होतात, आणि ते थांबवता येतं का, या एका प्रश्नापायी तिने वर्षानुवर्षं हाडाची काडं केली होती. नवरा तिला लाडाने 'हाडवाली' म्हणायचा. सासूबाई मात्र रागावल्या की म्हणायच्या, आणि त्या दिवशी त्या चांगल्याच रागावल्या होत्या.

"वाचनालयातल्या माझ्या सगळ्या मैत्रिणी घेतल्यास. मीच तेवढी नकोशी झाले का गं हाडवाली?"

"आई, नात्यातलं माणूस घेता येत नाही. नियमच आहे तसा."

"मग नातं सांगायचंच कशाला त्यांना?"

सासूबाईंच्या जिभेला हाड नव्हतं, पण त्यांचा राग उगाच नव्हता. मध्यंतरी त्या स्टुलावर चढून फडताळातली बरणी काढायला गेल्या आणि पडल्या. मनगट मोडलं. तपासणीत कळलं की हाडं बरीच विरळ झाली आहेत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. त्यांच्या मुलाने तर ताकच बंद केलं. स्टूल गायब झालं. बरण्या खालच्या कप्प्यात आल्या. "आई, बस. आई, वाकू नकोस. आई, मी देतो." गोळ्या चालू होत्या, मनगट कधीच जुळलं होतं, आणि तरी सासूबाई आपल्याच घरात काचेच्या कपाटातल्या कपबशीसारख्या जपल्या जात होत्या. त्यांना ते जगणं नकोसं झालं होतं.

सुनेचा प्रयोग समजायला सोपा होता. बायकांचे दोन गट, कुणी कुठे जायचं ते संगणक ठरवणार. एक उडीगट. या बायकांनी संस्थेच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये प्रशिक्षकासमोर यायचं, खुर्चीच्या पाठीला हात लावून थोड्या उड्या मारायच्या, मग विसावा, मग पुन्हा थोड्या. दुसरा ताणगट. त्यांनी शेजारच्या खोलीत चटईवर हातपाय ताणायचे. त्याने बरं वाटतं, पण हाडाला धक्का बसत नाही. आणि धक्क्यावरच तर सगळी मदार होती.

"हाड म्हणजे काही दगडी खांब नाही," सून पहिल्या दिवशी बायकांना म्हणाली होती. "आत अखंड बांधकाम चालू असतं. काही पेशी जुनं हाड खातात, काही नवं रचतात. वय झालं की खाणाऱ्या पेशी शिरजोर होतात. पण हाडाला अधूनमधून धक्का बसला की आत दडून बसलेल्या तिसऱ्याच पेशींना तो कळतो, आणि त्या रचणाऱ्यांना कामाला लावतात."

"म्हणजे सासूच झाल्या की त्या," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. सासूबाई मैत्रिणींना सोबत म्हणून आल्या होत्या. दाराच्या काचेला नाक लावून त्याही हसल्या.

पुढे वर्षभर त्या सोबत म्हणून येत राहिल्या. एवढा सोस कशाला, असं सुनेच्या मनात एकदाही आलं नाही. तिला वाटलं, बरंय, आईंचा वेळ जातो.

वर्ष संपलं. सगळ्या बायकांची हाडं पुन्हा मोजून झाली. कोण कुठल्या गटातली हे आकडे हाती येईपर्यंत सुनेलाही बघायची मनाई होती. ज्या सकाळी ती यादी उघडायची होती, त्या सकाळी ती न्याहारीही न करता संस्थेत गेली.

उडीगटाची हाडं टिकली होती. कमरेजवळ तर किंचित वाढलीच होती. सुनेने टाळीसाठी हात उचलले, तेवढ्यात ताणगटाचा आकडा दिसला. ताणगटाची हाडंही टिकली होती. तीही किंचित वाढली होती.

"मशीन बिघडलंय," ती म्हणाली.

मशीन चालवणाऱ्या गृहस्थांना हा शब्द आईवरून दिलेल्या शिवीसारखा लागायचा. त्यांनी कपाटातून प्लॅस्टिकमध्ये बसवलेला खोटा मणका काढला, मशीनखाली ठेवला आणि मोजला. मशीन चोख होतं.

"मॅडम, मशीन खोटं बोलत नाही. ताणल्यानेही हाडं वाढत असतील."

"नाही हो वाढत!"

तिला खरोखर रडू आलं. ताणगटाची हाडं नेहमीसारखी थोडी घटली असती, तरच उड्यांचा उपयोग झाला असं म्हणता आलं असतं. आता दोन्ही गट सारखे. म्हणजे उड्या मारल्या काय आणि न मारल्या काय, हाडांना सारखंच, असाच अर्थ निघत होता. या अभ्यासासाठी तिने दारोदार हिंडून बायका गोळा केल्या होत्या. तो असा पाण्यात गेला, तर पुन्हा तिच्यावर विश्वास कोण ठेवणार होतं? डोकं दुखतंय असं सांगून ती भर सकाळीच घरी निघाली.

जिन्यात खालच्या मजल्यावरचे काका भेटले. त्यांच्या कवेत छताच्या दिव्याची काचेची हंडी होती, तान्हं मूल धरावं तशी.

"बरं झालं भेटलात," काका म्हणाले. "रोज यावेळी ही काढून गादीवर ठेवावी लागते मला. तुमच्याकडे हत्ती पाळलेत का?"

"आमच्याकडे? आत्ता तर घरात फक्त आई असतात."

तेवढ्यात वरून आवाज आला. धप्प. मग जरा शांतता. मग पुन्हा धप्प. काकांनी हंडी छातीशी घट्ट धरली.

सुनेने दार किल्लीने उघडलं. दिवाणखान्यातलं सामान भिंतीला लागलं होतं. जेवणाच्या टेबलाच्या, अभ्यासाच्या, बाल्कनीतल्या अशा झाडून सगळ्या खुर्च्या मधोमध मांडल्या होत्या, आणि एकेका खुर्चीची पाठ धरून ताणगट उभा होता. अख्खा ताणगट. सगळ्यांच्या समोर, शाळेत जन्मभर कवायत शिकवून निवृत्त झालेल्या बाई, तोंडात शिट्टी. सुनेला बघताच शिट्टी तोंडातच राहिली आणि सगळ्या जागच्या जागी थिजल्या. सासूबाई तेवढ्या हवेत होत्या. खाली आल्यावर त्यांना सून दिसली.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "आज लवकर?"

"कुणी पडलं का?" सुनेच्या तोंडून पहिलं हेच निघालं. "वर्षभरात कुणाचं काही मोडलं? खरं सांगा."

"माझ्या हाताखाली?" कवायतबाई दुखावल्या. "आधी टाचा उचलायला लावल्या, मग इवल्याशा उड्या, मग मोठ्या. जिचा तोल जातो तिला अजून भिंतीजवळ ठेवते."

"पण तुम्ही सगळ्यांनी सही दिली होती, घरी दुसरा व्यायाम करणार नाही म्हणून!"

"घरी कुठे केला?" मागच्या खुर्चीशी उभी असलेली बाई म्हणाली. "तुमच्या घरी केला."

सुनेला हसावं की रडावं कळेना. ती खुर्ची शोधू लागली, पण प्रत्येक खुर्ची कुणीतरी धरलेली होती, म्हणून सोफ्याच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "आई, का केलंत हे?"

सासूबाई दम खात होत्या, गाल लाल झाले होते, आणि मुद्रा अशी की आता बक्षीसच मिळणार. "अगं, काचेतून बघायचे मी. तिकडच्या उड्या मारतायत आणि आमच्या बिचाऱ्या इकडे चटईवर लोळतायत. म्हटलं, अर्ध्या बायकांची हाडं सुधारून तुझं अर्धंच नाव व्हायचं. सगळ्यांची सुधारली तर? म्हणून मीच यांना गोळा केलं. सगळं तुझ्यासाठी हो!"

मग सुनेने समजावून सांगितलं. ताणगट कशासाठी असतो, त्याने न सुधारणं हेच त्याचं काम कसं असतं, आणि दोन्हीकडे सारखंच झालं की हाती काय उरतं. ती हळू आवाजात बोलत होती. एकेक बाई खुर्ची सोडून खाली बघू लागली. सासूबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू सगळ्यात शेवटी गेलं.

"म्हणजे मी तुझं वाटोळं केलं," त्या म्हणाल्या.

सासूबाई आत गेल्या आणि पलंगावर बसून राहिल्या. संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आई, जरा उठतेस का? फिरून येऊ." तर त्या म्हणाल्या, "नको. बसते. तूच म्हणायचास ना, बस म्हणून?" अभ्यास गेला त्यापेक्षा हे सुनेला जड वाटलं. वर्षभर ही बाई जिना चढताना गुणगुणत होती, बरण्या पुन्हा वरच्या कप्प्यात गेल्या होत्या, आणि हाडांची तज्ज्ञ म्हणवणाऱ्या आपल्याला त्याचा पत्ताही लागला नाही!

दुसऱ्या दिवशी तिने विभागप्रमुखांना सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही. ते फार कमी हसणारे गृहस्थ होते.

"सासूबाई?" त्यांनी विचारलं.

"सासूबाई."

"अख्खा गट?"

"अख्खा, सर. एकही गळली नाही."

प्रमुखांनी चष्मा काढला. "आणि तुमच्या उडीगटातल्या? त्यातल्या किती टिकल्या?"

"निम्म्याच," सून म्हणाली. "नेहमीचंच आहे. व्यायामाच्या अभ्यासात सुरुवातीला सगळ्या येतात, मग कुणाचा गुडघा, कुणाची नात, कुणाचा कंटाळा..." बोलता बोलता ती थांबली. प्रमुख तिच्याकडे बघतच होते.

"हाडं धक्क्याने टिकतात याची थोडीफार कल्पना आपल्याला आधीपासून आहे," ते म्हणाले. "माणसं वर्षभर टिकत नाहीत, हे आपलं खरं दुखणं. तुमच्या सासूबाईंनी कशी टिकवली?"

"मला नाही माहीत, सर."

"मग विचारा की! इथे काय बसलात?"

सून ताणगटातल्या बायकांच्या घरोघरी गेली. कुणी म्हणाली, चोरून करायची मजाच और. कुणी म्हणाली, एकटीने उड्या मारायला लाज वाटते, सगळ्या मिळून वेडेपणा केला की वाटत नाही. आणि झाडून सगळ्यांनी एक कारण सांगितलं: एखाद दिवस दांडी मारली की तुमच्या सासूबाई घरी येऊन बसतात. चहा मागतात. मग दुसरा मागतात. त्यापेक्षा उड्या परवडल्या.

हाडांवर काम करणाऱ्यांची वार्षिक सभा तोंडावर होती. सुनेने आपलं भाषण फाडलं आणि नवं लिहिलं. सासूबाईंना तिने जवळजवळ ओढतच नेलं. "मी नाही येणार, मला सगळ्यांसमोर उभं करशील," त्या म्हणत होत्या. सून म्हणाली, "करणारच आहे."

हॉल भरला होता. व्यासपीठावर जाऊन सून म्हणाली, "आमचा प्रयोग फसला. तो माझ्या सासूबाईंनी फसवला. त्या मागच्या रांगेत बसल्या आहेत."

सगळ्या माना मागे वळल्या. सासूबाईंनी पदर नाही, पर्स तोंडावर धरली. मग सुनेने सगळी हकिगत सांगितली, काचेपासून काकांच्या हंडीपर्यंत. एरवी आलेखांवर पेंगणारी मंडळी डोळे पुसत हसत होती. शेवटी तिने उडीगटाची हजेरी आणि कवायतबाईंच्या वहीतली ताणगटाची हजेरी पडद्यावर शेजारीशेजारी दाखवली आणि हसणं हळूहळू थांबलं. असली हजेरी त्या हॉलमधल्या कुणीच कधी बघितली नव्हती.

"यावरून अजून काहीच सिद्ध होत नाही," सून म्हणाली. "पण आमचा पुढचा प्रश्न हाच आहे. आणि तो माझा नाही, माझ्या आईंचा आहे."

पहिल्या रांगेतले एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापक उठले. "नेमकं काय करून घेता तुम्ही बायकांकडून? आम्हाला कळेल का?"

सुनेने माईक मागे पाठवला. सासूबाई उभ्या राहिल्या. त्यांनी समोर बसलेल्या त्या सगळ्या विद्वानांकडे नीट बघितलं. पाठीत वाकलेले, सकाळपासून खुर्चीला चिकटलेले, पोटावर हात ठेवून बसलेले.

"सांगून कळत नाही ते," त्या म्हणाल्या. "उठा सगळे. समोरच्याच्या खुर्चीची पाठ धरा. गुडघेदुखीवाल्यांनी नुसत्या टाचा उचला. बाकीच्यांनी माझ्याबरोबर. आणि तो दाराकडे चाललाय त्याला थांबवा, त्याच्या घरी येईन मी."

खुर्च्या करकरल्या. प्रमुखांनी कोटाची बटणं काढली. प्राध्यापकांनी चष्मा खिशात टाकला.

"हाडवाली, तू पण," सासूबाई माईकवरून म्हणाल्या, आणि या वेळी त्या रागावलेल्या नव्हत्या.

सून व्यासपीठावरून खाली उतरली. उड्यांवर वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या, बोलणाऱ्या, मोजमापं घेणाऱ्या या बाईने शाळा सुटल्यापासून स्वतः एकही उडी मारली नव्हती. पन्नाशी जवळ आली होती. तिने बूट काढले, सासूबाईंच्या शेजारी जाऊन खुर्ची धरली, आणि त्यांनी तीन म्हणायच्या आतच उडी मारली.