कापड हलवलं की थांबायचं

"उंट काढ, मबार्काच्या बापा. काल दुपारपासून पोर कळा देतेय, बाळ आडवं आलंय," झैनबू तंबूतून बाहेर येत म्हणाली.

"उंटावरून आतार शहर दीड दिवसाचं. हिसक्यांनीच मरायची ती," सिदाती म्हणाला. "आज शर्यतीच्या गाड्या आपल्या विहिरीवरून जाणार. एकीत घातली की दुपारच्या नमाजाला दवाखान्यात."

"आणि नाही थांबल्या तर?"

"कापड हलवल्यावर न थांबणारा माणूस तू बघितलायस कधी?"

तिने बघितला नव्हता. सिदाती चाळीस वर्षं त्या विहिरीवर पाणी शेंदत होता. दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि त्याची त्याला खंतही नव्हती. लांब कुणी कापड हलवलं की दोर तिथंच टाकून पखाल घेऊन निघायचं, एवढं मात्र बापाने त्याच्या अंगी भिनवलं होतं. एकदा तर त्याचीच उंटीण चोरून पळालेला माणूस वाळूत बसून कापड हलवत होता. त्यालाही सिदातीने आधी पाणी पाजलं, शिव्या नंतर घातल्या.

त्याने डोक्याचं दहा हाती पांढरं मुंडासं सोडलं आणि तो टेकाडावर जाऊन उभा राहिला.

पहिली गाडी धुळीचा लोट उठवत आली. सिदातीने मुंडासं हलवलं. आतल्या माणसानेही हात हलवला आणि गाडी निघून गेली. दुसरीने भोंगा वाजवला. तिसरीतल्याने हसून अंगठा दाखवला. मग सिदाती टेकाड उतरून थेट वाटेतच उभा राहिला, तर गाडी त्याला वळसा घालून गेली आणि चाकांनी उडवलेले खडे त्याच्या तोंडावर बसले.

"अरे, पोर अडलीय माझी!" तो प्रत्येक गाडीमागे ओरडत होता. त्याची भाषा त्यांना कळत नसेल, पण कापड तरी कळायला हवं होतं.

म्हातारी सुईण आमनेतू तंबूच्या तोंडाशी येऊन बघत होती. "सिदाती, त्यांना वाटतंय तू कौतुकानं हलवतोयस," ती म्हणाली.

"वरात निघालीय का मेल्यांची!" झैनबू कडाडली.

पन्नासावर गाड्या गेल्यावर सिदाती तंबूकडे परतला आणि त्याने उंट बसवला. झैनबू मबार्काला उचलायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

"राहू दे उंट," ती आतून म्हणाली.

पोटातल्या बाळासकट मबार्काला त्यांनी विहिरीपलीकडे पुरलं. सिदातीने स्वतःच्या हातांनी दगड रचले. "सकाळीच निघालो असतो तर..." तो म्हणाला. झैनबूने नुसता पुढचा दगड त्याच्या हातात दिला. तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याला जरा हलकं वाटलं असतं.

उन्हं अजून उतरली नव्हती. दूर एक मागे राहिलेली गाडी वाळूत उलटी पडली होती आणि तिच्यावर उभा राहून एक माणूस सदरा हलवत होता. तो आधी झैनबूला दिसला.

"हलवू दे," ती म्हणाली. "हात दुखेपर्यंत हलवू दे."

सिदाती बराच वेळ आपल्या मातीने भरलेल्या हातांकडे बघत बसला. त्याला त्या माणसाचा मनापासून राग आला होता. मग तो उठला आणि त्याने विहिरीत दोर सोडला.

"असल्यांना पाणी पाजणार तू?"

"आधी पाणी," तो म्हणाला. त्याने पखाल भरली.

पखाल खांद्यावर घेऊन तो निघाला. सवयीने हात डोक्याकडे गेला, पण मुंडासं मबार्काच्या कफनाला गेलं होतं. तसाच उघड्या डोक्याने तो उन्हातून चालू लागला.