वर्गातली थोरली

काकासाहेबांनी चष्मा काढला, उपरण्याच्या टोकाने पुसला, पुन्हा चढवला आणि ते चित्राच्या आणखी जवळ गेले.

चित्रातली बाई जाजमावर मांडी घालून बसली होती. पुढ्यात पाटी, हातात पेन्सिल. शेजारच्या परकरी पोरीने काहीतरी सांगितलं असावं, कारण बाई मान मागे टाकून खदखदून हसत होती. हसण्यात पुढचा अर्धा तुटलेला दात दिसत होता. कानातल्या बुगडीवर इवलासा पोपट होता. तो पोपट काकासाहेबांनी स्वतः पैठणच्या सोनाराला बजावून बायकोसाठी घडवून घेतला होता.

दात लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ऊस सोलताना तुटला. तेव्हापासून पुष्पाबाई हसत त्या पदराआड.

जिनिंगचा हंगाम सरल्यामुळे जालन्यातलं ते गोदाम रिकामं होतं. कोपऱ्यांतून अजून कापसाचे पुंजके उडत होते. भिंतींना सुतळ्या बांधून त्यांवर चित्रं टांगलेली. मुलींची शाळा आजवर एका दुकानाच्या माडीवर भरे. तिला स्वतःचं छप्पर व्हावं म्हणून नीलाबाई मास्तरणींनी स्वतः काढलेली सगळी चित्रं विकायला मांडली होती. काकासाहेबांची पिंपळगाव रेणुकाईला मोठी जमीन, पण राहतं घर जालन्यातच आणि गावात मान. एखादं देवादिकाचं चित्र घ्यावं आणि ऊन व्हायच्या आत घर गाठावं, एवढ्याच बेताने ते आले होते. सकाळी निघताना पुष्पाबाईंना त्यांनी विचारलंही होतं, "येती का?"

"मला काय कळतंय चित्रातलं?" असं म्हणून त्या ताक घुसळायला बसल्या होत्या.

काकासाहेबांच्या कानशिलांतून वाफ निघाल्यासारखं झालं. हाताच्या एका हिसड्यात सुतळी तुटली असती. त्यांनी हात मागे बांधले.

"मास्तरीणबाई, हे कुठं बसून काढलं?"

नीलाबाई पुढे आल्या आणि त्यांचा चेहरा पाहून जागीच थबकल्या.

"शाळेत," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली करून, "त्यांनी नाव सांगू नका म्हटलं होतं, ते मी सांगितलेलं नाही. पण चित्र इथं लावलं, तेही त्यांना विचारलं नाही. चूक माझी आहे. इतकं मोकळं हसणारं माणूस मला पुन्हा काढायला मिळालं नसतं."

काकासाहेब काही बोलणार, तोच मागून कापसाचे आडते बद्रीनाथ आले. दोघांची जुनी दोस्ती. पण पडद्याआडचं पुष्पाबाईंचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"वा! काय बाई काढली हो!" बद्रीनाथ म्हणाले. "पाहूनच माणसाला हसू येतं. माझ्या बैठकीत गादीच्या बराबर वर लावतो. काय किंमत?"

"इकलंय ते," काकासाहेब म्हणाले.

"कवा?"

"मी घेतलंय. आल्या आल्या."

"मास्तरीणबाई तर काही बोलून न्हाई राह्यल्या. मी पन्नास देतो."

"शंभर," काकासाहेब म्हणाले.

गोदामातली माणसं वळून पाहू लागली. बद्रीनाथांनी मित्राकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं आणि खांदे उडवले.

"देवादिकाचं सोडून ह्याच्यावर एवढा खर्चा? तुमचं तुम्हाला ठावं," असं म्हणत ते बैलजोडीच्या चित्राकडे निघून गेले.

नीलाबाईंनी स्वतः चित्र उतरवलं. ते चादरीत गुंडाळलं.

"त्यांना रागावू नका," त्या म्हणाल्या. "रागवायचंच असेल, तर उद्या शाळेत येऊन मला रागवा."

 चित्र उभं धरून काकासाहेब टांग्यात बसले. वाटेत त्यांना एकेक आठवू लागलं. अंबडच्या कोर्टात तारखेला ते जायचे, सांज करून परतायचे, आणि पुष्पाबाई पाणी पुढे करून विचारायच्या, "लई त्रास झाला का?" आपण नसताना घर आपली वाट बघत बसतं, असंच ते इतकी वर्षं धरून चालले होते. त्याच वेळी ती तिथं हसत होती. रागाच्या तळाशी त्यांना आता वेगळंच काही लागत होतं. त्या परकरी पोरीने असं काय सांगितलं असेल?

चादर एका बाजूने सरकली होती. चित्राखाली बाळबोध अक्षरांत एक ओळ होती. काकासाहेबांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. कोर्टाचे कागद ते फडाफड वाचत, पण ही अक्षरं कधी हाताखालून गेलीच नव्हती, आणि गोदामात चारचौघांत विचारायची त्यांना लाज वाटली होती.

घरी आल्यावर त्यांनी चित्र माजघराच्या भिंतीला टेकवलं आणि चादर ओढून काढली. पुष्पाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. तांब्यातलं पाणी हिंदकळून त्यांच्या पायावर सांडलं.



"खाली काय लिव्हलंय?" काकासाहेबांनी विचारलं.

पुष्पाबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"मला न्हाई येत ते वाचाया," ते म्हणाले. "तू सांग."

पुष्पाबाईंनी तांब्या खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि चित्रापुढे उकिडव्या बसल्या. पहिल्या अक्षराखाली बोट टेकलं.

"आ... म... च्या. आमच्या. व..."

पुढच्या अक्षराच्या डोक्यावरच्या रफाराशी त्या अडल्या. बोट तिथंच थांबलं. काकासाहेब वाट पाहत राहिले. त्यांचे ओठ नकळत हलत होते.

"वर्गातली," पुष्पाबाई म्हणाल्या. "आमच्या वर्गातली थोरली."

"थोरली," काकासाहेब म्हणाले. ते जमिनीवरच टेकले, भिंतीला पाठ लावून. "कवापासून जाती?"

"दिवाळीपासून."

"मी अंबडला गेलो की?"

"हो."

"मागल्या दारानं?"

त्यांनी नुसती मान हलवली.

काकासाहेबांनी तांब्या ओढून घेतला, दोन घोट पाणी घेतलं आणि मिशा पुसल्या.

"तिकडं गटाराचा चिखल राहतो," ते म्हणाले. "पुढल्या दारानं जात जा."